चारशे बारा नंबरचं बाळ

रेकॉर्डवाले : ताई, छावणीचा हजेरीपट तिसऱ्यांदा काढला. युद्धात जेवढे स्थानबद्ध केले, तेवढे सगळे यात आहेत. तुमच्या आत्यांचा तान्हा भाऊ नाही.

भाची : वर्षाच्या आतल्या मुलांना नंबरच देत नव्हते. मग हजेरीत येईल कसा?

रेकॉर्डवाले : ते कबूल. पण स्मारक समितीला कागद लागतो. कागद नाही तर शिळेवर नाव नाही. यादी आज पाचला बंद होतेय.

आत्या : चल गं. आईनं पुढं विषय काढला नाही, म्हणून सत्तर वर्षं सगळे म्हणतात मला भास झाला. त्यात आणखी एकाची भर.

रेकॉर्डवाले : मी कुठं तसं म्हटलं, मावशी?

आत्या : तुमच्या चष्म्यानं म्हटलं.

भाची : आत्या, तू माझ्या बाळाला धरून बस. काका, छावणीत दवाखाना होता ना?

रेकॉर्डवाले : होता. त्या वह्यांत नुसते ताप आणि जुलाब.

भाची : आणि बाळांची वजनं? माझी ही काट्यावर शंभर ग्रॅम कमी भरली, तर मला दोन दिवस घास उतरत नाही. तिथंही एखादी नर्स असेलच की.

रेकॉर्डवाले : वजनाची वही आजवर कुणी मागितली नाही. थांबा.

(शिडी सरकते. बऱ्याच वेळानं टेबलावर एक जाड वही येते.)

रेकॉर्डवाले : यात फक्त आईचा नंबर लिहायचे.

भाची : आत्या, आजीचा नंबर आठवतो?

आत्या : चारशे बारा. तिनं कोटावर शिवला, सुईत दोरा मी ओवून दिला.

भाची : चारशे नऊ... चारशे बारा. मुलगा. पहिल्या सोमवारी दोन किलो नऊशे. मग तीन शंभर. तीन दोनशे. तीन. दोन सातशे...

आत्या : थांबलीस का?

भाची : पुढचे रकाने रिकामे आहेत.

आत्या : पण होता ना?

भाची : होता, आत्या. पाच सोमवार होता.

रेकॉर्डवाले : शिक्का मारून नक्कल देतो. पण अर्जात नाव लागेल, आणि इथं नुसतं ‘मुलगा’ आहे.

आत्या : आई म्हणायची, बाहेर पडलो की ठेवू. मीच आपली एका नावानं हाक मारायची.

रेकॉर्डवाले : टोपणनाव समितीला चालेल का...

भाची : तुम्ही लिहा. समितीसमोर मी जाऊन बसते.

रेकॉर्डवाले : बरं. सांगा, मावशी.

आत्या : टिल्लू. पण हळू वाचा हं, बाळ झोपलंय.