तीनच नावं

भाड्याच्या घरांसाठी अर्ज घेतात, त्या खिडकीच्या रांगेत माझ्यापुढे सासू-सून उभ्या होत्या.

"अगं, तीनच नावं? माझा मुलगा राहिला की!"

"मुद्दामच नाही लिहिलं, आई. तुरुंगातून सुटलेला माणूस घरात म्हटलं की अर्ज परत येतो. दोनदा आला ना?"

"मग सोमवारी सुटून तो राहणार कुठे?"

"मित्राच्या गॅरेजमध्ये. आपल्याकडे येतील अधूनमधून, पाहुण्यासारखे."

"आणि शेजाऱ्यांना काय डोळे नाहीत?"

"माझा भाऊ म्हणून सांगायचं. पोरीलाही 'मामा' म्हणायला शिकवलंय."

"बापाला मामा? धन्य आहेस बाई!"

"परवा भेटीला नेलं, तर जाळीपलीकडून तिनं विचारलंच, 'मामा, कधी येणार?'"

"चिडला असेल."

"नाही हो. जाळीतून तिला बोट धरायला दिलं. मग म्हणाले, 'हुशार आहे हो माझी भाची.'"