कोरडं मेण

— नाही नाही, उन्हात नको, केहाऊ. इकडे आण, या झाडाखाली आण. उन्हात मेण चढत नाही, नुसतं पसरतं. आणि हे काय आणलंस? दाखव. व्हेगसला मिळालं? वाळवंटात मेण विकतात आणि तू घेतेस. अगं, हे थंड पाण्यासाठीचं आहे, मऊ. आपल्या माकाहाच्या समुद्राचं पाणी कोमट, जरा आत गेलीस की याचं तूप होईल, आणि तिकडे पाण्यात आपल्या आजोबांसाठी प्रार्थना चाललेली असताना तू सर्फबोर्डवरून घसरून बुडुक. मग पलानी काका तेच जन्मभर सांगत बसेल. त्याला दुसरं काम काय आहे — स्वतः पाण्यात उतरून किती वर्षं झाली देव जाणे, पण आज बघ, आजोबांच्या फोटोचे शर्ट वाटत किनारभर फिरतोय, जसं काही म्हातारा त्याच्या एकट्याचाच बाप होता.

बस. आधी जुनं काढायचं. हा कंगवा घे, तिरका धर, शेपटीकडून नाकाकडे, मागून पुढे ओढ. जोर लाव. मोमी मावशीचा बोर्ड आहे ना, कधी धुतलाच नसणार, तिच्या स्वयंपाकघरासारखा. बघ, बघ — हे मेण बघ. छातीच्या जागी कसं गुळगुळीत झालंय, पोटाच्या जागीपण. आणि पायांच्या जागी? खडे जसेच्या तसे. म्हणजे बाई उभीच राहत नाही. आडवीच जाते, आडवीच येते, आणि चर्चमध्ये सगळ्यांना सांगते, आज काय लाट घेतली. मेणाला सगळं कळतं. आपल्याकडे कुणी बोर्ड आडवा टाकला की माणसं आधी मेणच बघतात, तोंडाकडे नंतर.

आता हे घे, कडक आहे, हे खाली. गोल गोल, छोटे गोल, हलक्या हाताने. दाबू नकोस. दाबलंस की सपाट होतं, आणि सपाट मेण पाय पकडत नाही. हलक्या हाताने फिरवत राहिलं की बारीक खडे उठतात, हाताला लागतात, हं, असे. ते उठले की त्यावर दुसरं मेण, कोमट पाण्याचं. मग गार पाणी ओतायचं, की बसलं. झालं. आजोबांनी मला असंच शिकवलं. म्हणायचे, पोरा, घाई करणाऱ्याच्या बोर्डाला खडे येत नाहीत. मला शाळेतून काढलं तेव्हासुद्धा हेच म्हणाले. काढलं नाही, मीच सोडली, तेच ते. घरातले सगळे बोंबलत होते आणि म्हातारा माझ्यासमोर बोर्ड टाकून म्हणाला, घास.

छान जमतंय तुला. नाही, खरंच. — तो बोर्ड राहू दे. तो माझा आहे, तयार आहे तो. नको अगं, उलटा करू नकोस, भिंतीला बरा आहे —

हं.

हे केस? कुत्र्याचे असतील. कुत्रं झोपतं त्यावर. घरात किती केस उडतात, मेणाला चिकटतात. वाळू तर काय, किनाऱ्यावर राहतो आपण, वाळू असणारच. पाय उमटलेत ना? दिसतात ना पाय? मग. रोज जातो मी. सकाळी. तुमचे डोळे उघडायच्या आत.

असं बघू नकोस.

बरं, नाही जात पाण्यात. शेडच्या मागे बोर्ड गवतावर टाकतो, वर उभा राहतो, टाचा घासतो. मग नळीने भिजवतो आणि मावशी कपडे वाळत घालायला येते तेव्हा तिच्यासमोरून खांद्यावर घेऊन जातो. झालं समाधान? तुला हसू येत नाहीये, तेच वाईट आहे.

तो किस्सा तुला सांगितलाच असेल काकाने. विमानतळावरून घरी येईपर्यंत सांगितला असेल. गेल्या हिवाळ्यातली मोठी लाट, माकोआची बोर्डाला बांधलेली पायाची दोरी खडकात अडकली, वरून एक लाट गेली, दुसरी गेली, आणि पोरगा, म्हणजे मी, वर आला तो हसत. हसत! मी नाकातोंडातून पाणी काढत होतो, केहाऊ. रडत होतो. म्हातारा आपला तो जुना लांब बोर्ड घेऊन खडकापर्यंत आला, दोरी सोडवली, आणि मी त्याच्या पायाला असा लटकलो की तोपण बुडायचा. किनाऱ्यावर आलो तर काका बिअर घेऊन उभा, मोठ्याने ओरडला, वाघ आहे वाघ. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी काय म्हणणार होतो? नाही म्हणालो नाही. आजोबापण काही म्हणाले नाहीत. फक्त संध्याकाळी माझ्या बोर्डाचं मेण स्वतः खरवडलं, नवं लावलं आणि दाराशी ठेवून गेले. तेच हे. त्यांच्याच हाताचं आहे, आणि त्यावर मी गवतात उभा राहून टाचा घासल्या.

आणि मरताना या थेरड्याने काय सांगावं? हॉस्पिटलमध्ये, सगळ्यांसमोर — माझी राख समुद्रात न्यायची ती माकोआने, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. काका रडला ऐकून. वाघाला मान दिला म्हणे. मान कसला, लबाड होता तो, पक्का. त्याला माहीत होतं, मी उतरत नाही ते.

म्हणून सकाळपासून सगळ्यांचे बोर्ड घासतोय मी. तुझा शेवटचा. यानंतर कुणाचा उरला नाही.

निघायचा शंख वाजला. ऐकलास ना? काकाच फुंकतोय, श्वास बघ कसा अर्ध्यात तुटतो. ती पानांत बांधलेली राख तिथे टेबलावर आहे, मोमी मावशीच्या शेजारी. तू घे. मी म्हणतो म्हणून घे. सांग, माकोआचा पाय मुरगळला. तुझ्यावर विश्वास ठेवतील, तू बाहेरची आहेस. तुझा बोर्ड तयार आहे, गार पाणी ओत आणि जा.

जा ना.

काय करतेस? कंगवा ठेव खाली. केहाऊ, माझ्या बोर्डाला हात लावू नकोस, ते त्यांचं मेण आहे, ते — ते खरवडू नकोस —

...

तसं नाही. तिरका धर. शेपटीकडून. केसवाला भाग आधी काढ.

पुन्हा वाजला. काकाला सांग, थांबा म्हणावं. नको, काही सांगू नकोस. ते कडक मेण इकडे टाक. आणि बोलू नकोस माझ्याशी आता.