माझी राणी आन् कोर्टातली साक्ष

माझं माहेर काटेवाडी, दिलं अंथुर्ण्याला. नाव हिराबाई. मालक होते तवर दोघांनी मिळून भाजीपाला केला, आता मी एकटीच करती, वांगी, मिरची, जमंल तसं. एक लेक झाला, एक लेक झाली. लेक मंगल, वालचंदनगरकडं दिली हुती, काविळीनं गेली. काय सांगू तुम्हाला ताई, पाच वर्साची राणी बापाजवळ ठिवून गेली. जावयानं वर्साच्या आत दुसरी केली, शोभा. मला वाटलं, संपलं माझ्या राणीचं. पर तसं झालं न्हाय. राणीच्या डोक्यात उवा झाल्या तवा शोभानंच उन्हात बसून बसून काढल्या. पोरगी आजारी पडली तर मांडीवरनं खाली ठिवायची न्हाय. मी जायची, बघायची, आन् निवांत मनानं परत यायची.

दोन-तीन वर्सं अशी गेली. त्या दिवशी मी तितंच, जावयाच्या घरी हुते. राणी कुणाला न सांगता कालव्यावर पवायला गेली, वली चिंब हून आली. शोभा धुणं धूत हुती. घाबरली हुती, रागवली हुती, काय असंल ते असंल, हातातलं धोपटणं तिनं पोरीच्या डोक्यात घातलं. एकदाच. मी आगं आगं म्हणूस्तवर. पोरगी रडली, मंग गप झाली, मंग वकायला लागली. शोभाच तिला उचलून अनवाणी पळाली रिक्षाकडं. दवाखान्यात संध्याकाळी राणी गेली.

पोलिसांनी खुनाचाच गुन्हा घातला, वर मुलाचा छळ म्हणून दुसरा. माझा लेक म्हणला, आये, कोर्टात सांग, रोज मारायची, उपाशी ठिवायची, चटकं द्यायची. मी म्हणलं, चटकं कुठं दिलं रं? तर म्हणला, तुझ्या राणीचा जीव गेला, आन् तू हिशोब काय करती?

बारामतीच्या कोर्टात सरकारी वकील बाई हुत्या. व्हरांड्यात मला शेजारी बसवून घेतलं. म्हणल्या, आजी, ह्या दोन येगळ्या गोष्टी हायत. रोज रोज हाल करणं हा छळ, त्यात जीव गेला न्हाय तरी गुन्हाच. आन् जीव घ्यायचा इरादा नसंल, पर ह्या फटक्यानं जीव जाऊ शकतो हे कळत असून फटका घातला, तर तो सदोष मनुष्यवध. इरादा असंल तर खून. तुमी फकस्त बघितलं तेवढंच सांगा.

साक्षीच्या पिंजऱ्यात उभी राहिले. शोभा समोर, वाळून काटकी झालेली. तिचा वकील म्हणला, आजी, पोरगी कालव्यावर घसरून पडली आन् डोक्याला लागलं, व्हय ना? मी म्हणलं, न्हाय साहेब. चालत आली ती, माझ्याम्होरं आली. हिनंच मारलं. मंग आमच्या बाईंनी इचारलं, ह्याआधी मारायची? लेक मागं बसला हुता, त्याची नजर पाठीला टोचत हुती. मी म्हणलं, न्हाय. माया करायची. जजसाहेबांनी मान वर करून माझ्याकडं बघितलं, आन् मला तितंच रडू फुटलं.

छळाच्या गुन्ह्यातनं सुटली. खून बी न्हाय म्हणाले. सदोष मनुष्यवधाची सजा झाली, काही वर्सांची. पोलीस तिला न्यायला लागले तवा ती माझ्या पायाशी वाकली. मी पाय मागं घेतलं. का घेतलं, मला इचारू नका.

लेक अजून माझ्याशी धड बोलत न्हाय. म्हणतो, तू तिला वाचवलीस. आरं देवा, कुणाला वाचवलं मी? माझी तर गेलीच.

शोभाचं बारकं पोर हाय, तवा पाळण्यात हुतं. जावई अधनंमधनं घिऊन येतो. काल माझ्या दारात ढेकळं फोडत बसलं हुतं. मी तोंड पुसलं, भाकरी-दूध चारलं. म्हणलं, औक्षवंत हो बाबा, तुझा त्यात काय गुन्हा?