ब्रेकची डायरेक्ट लाईट

हे म्या आजवर बायकोलाबी सांगितलं न्हाय. आमी मूळचे जळकोटचे, शेतीवाले, पण माझा हात वायरीत बसला आन् नळदुर्गात हायवेला गाड्यांच्या वायरिंगचं दुकान टाकलं. आता कुणी गाडी लावून म्हणलं, मिस्तरी, डायरेक्ट करून टाका, की माझं डोकंच फिरतं. शिव्या देतो. लोक म्हणतात, मिस्तरी लई खवट झालाय. होऊ दे. काय सांगू तुम्हाला, त्या शिव्या गिऱ्हाइकाला नसत्यात.

सिद्राम माझ्या गावचा, वडापची जीप चालवायचा. ब्रेक मारला तरी मागं लाल लाईट लागत न्हाय म्हणून आला. म्या खाली वाकलो. पॅडलच्या वर बारकं स्विच असतं, पाय दाबला की त्यातून करंट पुढं जातो आन् मागं दिवा लागतो. टेस्ट लॅम्प लावला तर एका वायरीवर करंट व्हता, पॅडल दाबून दुसरीवर बघितलं, कायच न्हाय. मग स्विच सोडून दोन्ही वायरी एका तुकड्यानं डायरेक्ट जोडल्या, मागं लाल भडक. म्हंजे बल्ब चांगला, वायर चांगली, स्विच मेलेलं. तपासायची रीतच ती हाय, पण तपासून झालं की तुकडा काढायचा असतो. नवं स्विच सोलापूरहून आणावं लागणार व्हतं. सिद्राम म्हणला, दादा, सीटा भरल्यात, राहू दे तसंच, लाईट जळतीय न्हवं, पोलिसाला तेवढंच दिसतं. म्या म्हणलं, आरं, ब्रेक मार न्हायतर नको मारू, सारखीच जळंल. तो म्हणला, मग तर झकासच की, बंद पडायची भीतीच न्हाय. आन् मीबी हसलो. हसलो! गाडी उभी केली की बॅटरीची तार काढत जा, न्हायतर बॅटरी उतरंल, एवढी अक्कल तेवढी शिकवली त्याला.

त्याच दिवशी दिवेलागणीला रस्त्यात गुरं आडवी आली, सिद्रामनं ब्रेक मारला आन् मागून दस्तगीरचा ट्रक घुसला. जीप पलटी झाली, सिद्राम तिथंच गेला. दस्तगीर तामलवाडीचा. रस्त्यावर बसून एकच बोलायचा, लाईट पहिल्यापास्नं जळतच व्हती जी, ब्रेक मारल्यालं कळलंच न्हाय. लोकांनी त्याला थोबाडलं, डुलकी लागली व्हती म्हणले. कळल्यावर मीबी तिथं गेलो व्हतो, मला विचारलं, मिस्तरी, लाईट चालू व्हती का? म्या म्हणलं, व्हय, आजच करून दिली. खोटं न्हाय बोललो, बघा. खरं बोलूनच म्या त्याचा गळा कापला.

आता त्याला कुणी स्टेअरिंगला हात लावू देत न्हाय. समोरच्या ढाब्यावर गाड्या धुतो. सिद्रामची बायको बाजाराला आली की पाणी बंद करून मागं जाऊन बसतो. परवा मला म्हणला, मिस्तरी, खरंच माझा डोळा लागला असंल का हो? एवढ्या वर्सांनी आपल्याच डोळ्यावर त्याचा भरवसा उरला न्हाय. आन् म्या त्याच्यावरच खेकसलो, जा की, तुझं काम कर.

लिहिताय तर हेबी लिहा. दस्तगीर जागा व्हता. हे त्याला आन् सिद्रामच्या बायकोला, चार लोकांदेखत, सांगायचं माझ्याकडं अजून बाकी हाय.