पाव इंच कमी

—अहो ताई, त्या माणसाला भर कोर्टात लटलटा कापायला लावलाय मी, मी! ज्याच्यापुढे मोठमोठे अधिकारी हात बांधून उभे राहतात, त्याला! म्हणजे — मी असा नाही, खुर्चीनं. आणि खुर्चीनं तरी कसलं, तिच्या एका पायानं. पण तो पाय कापला कुणी? ह्या हातांनी! बसा ना, उभ्या का? त्या स्टुलावर टेका. अहो, चांगलंय ते, शपथ! सुताराच्या दुकानात येऊन स्टुलाला भिणाऱ्या तुम्ही पहिल्याच. बरं, राहा उभ्या. तर तुम्ही विचारलंत, आरोपीची ती खुर्ची तुमचीच का — माझीच! आणखी कुणाची असणार? तीस वर्षं त्या कोर्टाची बाकं, कपाटं, पिंजरे मीच ठोकतोय. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. मी रोज दोनदा चढतो, आता माझ्या शहाणपणाचा हिशेब तुम्हीच करा.

पुलाची केस. ठाऊक असेलच. नवाकोरा पूल, वर्षाच्या आत खाली बसला, चौदा माणसं गेली. ठेका आपल्या मंत्रीसाहेबांच्या मेहुण्याला, कागदावर सही साहेबांची. सात वर्षं तारखा आणि सात वर्षं साहेबांची कंबर! तारीख आली की धरायची, सभा आली की सुटायची — अशी समजूतदार कंबर मी जन्मात पाहिली नाही. आमच्या हिची बारा महिने धरलेली असते, तिला कुठं कोण तारीख देतं? पण हे जजसाहेब निघाले खमके. म्हणाले, दुखतंय तर बसून ऐका, पण या. झालं! हेडक्लार्क धावत माझ्याकडे — खुर्ची हवी, गादी हवी, टेकायला हात हवेत, पाठ जजसाहेबांच्या खुर्चीहून उंच नको, पण इतकी बुटकीही नको की साहेब आरोपी वाटतील. मी म्हटलं, मग ते कोण वाटायला हवेत? तर गृहस्थ छताकडे बघायला लागला!

मग मी काय केलं? मागचा डावा पाय पाव इंच कमी. बस्स, पाव इंच! मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला जो तो घाबरतो ना — मी पायात बांधली. पहिली तारीख. त्यांचा वकील उठला, ‘माझ्या अशिलाला त्या ठेक्याची कल्पनाच नव्हती’ — साहेब जरा सरकले — टक! ‘मेहुण्याशी त्यांचं बोलणंसुद्धा नाही’ — टक! अहो, पोलिसानं टोपी तोंडावर धरली. जजसाहेबांनी तीनदा चष्मा पुसला. पुढच्या तारखेला तर मागं उभं राहायला जागा नाही, लोक खुर्ची ऐकायला आलेले! तुम्ही हसत का नाही हो? सगळे इथं हसतात.

मग मला हाव सुटली, खोटं कशाला बोलू? टक-टक किती दिवस पुरवायची? तिसऱ्या तारखेला सकाळीच ‘पॉलिश मारतो’ म्हणून आत शिरलो आणि त्याच पायाची पाचर उपटून खिशात टाकली. ही बघा, जपून ठेवलीय, घ्या ना हातात. एवढीशी लाकडाची चिप, पण हिनं राज्य हलवलं! दुपारी कुणी बाई साक्ष देत होती — काय पुटपुटत होती कुणास ठाऊक, कोण ऐकतंय, सगळ्यांचे डोळे खुर्चीवर — आणि साहेब पुढं वाकले अन् कडाड्! साहेब खाली, गादी वर, वकील साहेबांवर! हसून हसून माझ्या बरगड्या दुखल्या. हो, मग आलीच अँब्युलन्स, आलाच गळ्यात अडकवलेला हात, चौकाचौकात तोच फोटो — ‘माझ्या जिवावर उठले!’ पडले ढुंगणावर, पट्टी हाताला! आणि पोलिसांनी गुन्हा लिहिला कुणावर? अज्ञात इसमावर. मी इथं दारावर पाटी लावून बसलोय, ताई, आणि पोलिसांना अज्ञात!

घाबरलो होतो की, नाही कसा? चौथ्या दिवशी साहेबांचा सेक्रेटरी दारात. म्हटलं, आता आपलं सरपण झालं. तर तो हसतोय! म्हणाला, साहेबही हसले, मिस्त्री, कसब आहे तुमच्या हातात, पक्षाच्या कार्यालयाला चाळीस खुर्च्या हव्यात, फक्त त्या खुर्चीबद्दल कुठं बोलू नका. हे काय, तुमच्या मागं रांगेनं उभ्यात त्या तिथल्याच. चारही पाय सारखे, मोजून घ्या! मन मोठं लागतं हो, पडून हसायला... मी म्हणालो तसं हिला. ही म्हणाली, ज्याला लागलं तो हसतो तेव्हा लागलं दुसऱ्याला असतं. बायका काय, बोलतात. आता साहेबांचे वकील म्हणतायत, इथं जिवाला धोका आहे, केस दुसऱ्या कोर्टात न्या, पहिल्यापासून चालवा. उद्याच ठरणार म्हणे. आणखी सात वर्षं जातील, जाईनात का — मी चौथी नापास, मला त्यातलं काय कळतंय? आणि मी कुणाला बोलत नाहीच हो. तुमचं वेगळं, तुम्ही काय, स्टूल-बिल दुरुस्तीला आलेल्या — काय आणलंय बरं, पिशवीत तर नुसते कागदच दिसतायत. पाचर ठेवताय पर्समध्ये? ठेवा, ठेवा, आठवण म्हणून! पण अशा बघताय काय माझ्याकडे? बोला की काहीतरी, मघापासून मीच —

“ती पुटपुटणारी बाई मी, मिस्त्री. चौदातला एक माझा भाऊ होता. सात वर्षांनी तोंड उघडलं आणि अर्ध्या वाक्यावर तुमची खुर्ची मोडली. उद्या अकराला कोर्टात या आणि आत्ता जे सांगितलंत ते तिथं सांगा. साक्षीदाराला बसायला खुर्ची मिळत नाही.”