सिस्टरचं ‘काही नाही’

सिस्टर : नको, तुझ्या कुत्रीला इतकी जवळ आणू नकोस! परवा तुझ्या दुकानाबाहेरच्या दोन सायकली आडव्या केल्या होत्या आमच्या कापसाने.

मिस्त्री : सायकली काय, परत उभ्या राहतात. आणि आमची घंटी जागची हलायची नाही. नाव घंटी, पण दहा वर्षांत दोनदा भुंकली असेल. तुम्ही त्याला घेऊन पलीकडच्या कडेने चाला, आम्ही दोघं अलीकडून. पोस्टाच्या पेटीपर्यंत.

सिस्टर : आणि पट्ट्यासकट मला ओढत नेलं तर?

मिस्त्री : तुम्ही चाला तर!

सिस्टर : चल रे कापूस. असा... शहाणा माझा. काही नाही हं, काही नाही. काही ना– अरे! अरे, गप! बघितलंस? म्हटलं होतं ना? पेटी तर राहिली लांबच.

मिस्त्री : बघितलं. आणि ऐकलंही. सिस्टर, एक बोलू? रागावणार नाही ना?

सिस्टर : पस्तीस वर्षं वॉर्डात काढली. तेव्हा रागवायला वेळ नव्हता, आता सवय नाही. बोल.

मिस्त्री : माझा पाय मोडला तेव्हा सतरा दिवस होतो तुमच्या वॉर्डात. रोज सकाळी तुम्ही ट्रे घेऊन यायचात आणि गोड आवाजात म्हणायचात, ‘काही नाही हं, काही नाही.’ की लगेच सुई! तिसऱ्या दिवसापासून नुसतं ‘काही नाही’ ऐकलं तरी माझे हातपाय गार पडायचे. शेजारच्या खाटेवरचा पैलवान तर डोक्यावरून चादर ओढून घ्यायचा.

सिस्टर : अरे, धीर द्यायला म्हणायचे मी!

मिस्त्री : माहीत आहे हो. पण आता तेच कापसाच्या कानांनी ऐका. घंटी दिसली तेव्हा तो मजेत होता. तुम्ही ‘काही नाही’ सुरू केलंत आणि पट्टा आवळलात, रक्त काढताना दंड बांधतात ना, तसा. मग भुंकला. आमच्या म्हातारीला कोण भितंय? सिस्टर एवढा धीर देतायत म्हणजे काहीतरी भयंकर येतंय, एवढंच त्याला कळतं.

सिस्टर : म्हणजे... चार वर्षं मीच?

मिस्त्री : लहानपणी त्याला कुणी चावलं होतं का?

सिस्टर : तीन महिन्यांचा होता. बाजाराच्या तोंडाशी. मानेला चार टाके पडले, मीच धरून बसले होते त्याला. तेव्हापासून दुसरं कुत्रं दिसलं की उचलून घ्यायचे. आता उचलवत नाही, तर आवळते. करायला गेले एक अन् झालं भलतंच.

मिस्त्री : मोडलेलं नीट होतं. तुम्हीच सांगायचात.

सिस्टर : वेळ कुठे आहे रे? लेक म्हणते, गुडघे गेलेत, दोन जिने चढतेस, माझ्याकडे राहायला ये. पण तिच्याकडे पिंगी आहे, वासराएवढी. दोघांचं पटलं नाही तर कापसाला कुणाला तरी देऊन टाकावं लागेल. आणि त्याला देऊन मी जायची नाही. मग आहेत आपले हेच जिने.

मिस्त्री : ताई कधी येतायत?

सिस्टर : पाच आठवड्यांनी. पिंगीला घेऊनच.

मिस्त्री : मग रोज सकाळी सात वाजता, दुकान उघडायच्या आधी. पट्ट्याला झोळ दिसला पाहिजे आणि तोंडातून चकार शब्द नाही.

सिस्टर : आणि तू कशाला एवढी झोपमोड करून घेतोस?

मिस्त्री : पाय वाकडाच राहील असं सांगितलं होतं मला. ड्यूटी संपल्यावर तासभर व्हरांड्यात कोण चालवायचं? खांदा कुणाचा होता? मी तर तुम्हाला नुसतं रस्त्याच्या पलीकडून चालायला सांगतोय.

(पाच आठवड्यांनंतर. त्याच दुकानासमोर, सकाळी. सिस्टरची मुलगी पिंगीला घेऊन आली आहे.)

मुलगी : काका, ही फार दांडगट आहे हो. घट्ट धरून ठेवू?

मिस्त्री : नको ताई, सैल सोडा. समोरासमोर आणू नका, बाजूने येऊ द्या. सिस्टर, श्वास घ्या.

सिस्टर : ...

मुलगी : आई, ओठ का असे मिटून घेतलेस?

मिस्त्री : पथ्य आहे त्यांचं. एक, दोन, तीन... आता दोघांनाही जरा लांब न्या. हं. आणा परत.

मुलगी : अगं बाई! वास घेतोय तिचा! आणि ही चक्क उभी आहे शहाण्यासारखी. हे काय? कापसाने पुढचे पाय टेकले, ढुंगण वर!

मिस्त्री : खेळायला बोलावतोय. घंटीला रोज बोलावतो, पण म्हातारी दाद देत नाही. आज मिळाली जोडीदार.

मुलगी : काका, तुमचे आभार कसे मानू? खालची खोली रंगवून ठेवलीय मी. आई येईल की नाही, या काळजीने नुसतं दार उघडून बघत बसायचे.

मिस्त्री : माझे कसले? घंटीचे माना. पहिले पंधरा दिवस कापसाच्या शिव्या तिने खाल्ल्या.

सिस्टर : तिचे मानलेच. तुझेही मानते रे. औषध म्हणून मी लेकराला भीती पाजत होते. तोंडावर सांगायला तूच भेटलास.

मुलगी : आई? रडतेस तू?

सिस्टर : काही नाही गं, काही नाही.

मिस्त्री : सिस्टर! तो बघा, खेळ सोडून कान टवकारले त्याने.

सिस्टर : बरं बाबा. रडतेय. आनंद झालाय म्हणून रडतेय. झालं समाधान?

मिस्त्री : त्याचं झालं. बघा, लागला परत खेळायला.