बादलीभर लिथियम

अहो, कंपनीला पोत्याचा हिशेब विचारणारा मी पहिलाच असेन. दगडातून लिथियम काढायची नवी पद्धत शोधणाऱ्या त्या कंपनीत मी निम्मी बचत घालणार होतो. नवघरच्या दामूकाकांना सांगितलं. त्यांचं पूर्वी मिठागर होतं.

"मूठभर मीठ कोणीपण काढतो," काका म्हणाले. "पोतं भरलं का, विचार त्यांना."

प्रश्न जसाच्या तसा ईमेलनं पाठवला. उत्तर आलं, "अजून बादलीभरच निघतंय. पोत्याला वेळ लागेल."

मी हिरमुसलो. "राहू दे काका, पैसे बँकेतच बरे."

"येडा हायस का? बादलीला बादली बोलतायत, पोतं न्हाय बोलत! निम्मी नको, थोडी घाल." मग खिशातून पाचशेची नोट काढून म्हणाले, "आणि माझी पण एक बादली धर."